पोत्यात भरलेला डॅशबोर्ड

जुनी गाडी विकत घेणारा माणूस इंजिन फिरतं का ते पाहतो, चासी ठोकून बघतो, आरसी बुक तपासतो. डिकीत ठेवलेल्या पोत्याकडे त्याचं फारसं लक्ष जात नाही. विकणारा सांगतो, "सामान सगळं आहे, काही गेलेलं नाही." बहुतेक वेळा ते खरंही असतं. कधीतरी कुणीतरी गाडी रंगाला काढलेली असते. डेंटरनं डॅशबोर्ड सोडवला, क्रोमच्या पट्ट्या काढल्या, दारांची हँडलं उतरवली आणि सगळं एका पोत्यात भरलं. मग पैसे संपले, किंवा मालक आजारी पडला, किंवा गॅरेजची जागा गेली. पोतं तसंच राहिलं. आता ज्याच्या हाती ते आलं आहे, त्याला त्यातल्या निम्म्या वस्तू कशाच्या हे सांगता येत नाही.

इंजिनाच्या सुट्या भागांचं असं होत नाही. व्हॉल्व्ह, पिस्टन, टायमिंग चेन यांचं काम त्यांच्या आकारातच दिसतं आणि कुठलाही अनुभवी मिस्त्री ते ओळखतो. डॅशबोर्डचे आणि सजावटीचे भाग झाकण्यासाठी, जोड लपवण्यासाठी, कडा बंद करण्यासाठी बनवलेले असतात. जागेवर असताना ते नजरेत भरत नाहीत आणि जागेवरून निघाले की ते काय होते हे कळत नाही. धनुष्यासारखी वाकलेली, क्रोमची, बोटाच्या पेराएवढी पट्टी हातात आली तर तिचं काय करायचं? ती काचेभोवतीच्या रबरात बसवलेल्या चमकत्या पट्टीचे दोन तुकडे जिथे मिळतात, तो सांधा झाकणारी टोपी असते. काचेच्या वर किंवा खाली, बरोबर मध्यावर तिची जागा. अशा टोप्या भंगारात सर्वांत आधी जातात, कारण त्या कशाच्याच वाटत नाहीत.

या प्रकरणात मी मुख्यतः एकाच गाडीचं उदाहरण घेणार आहे. मुंबईत वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यानं गाड्या बनवायची. १९५०च्या दशकात गोल पाठीची फियाट ११०० आली. तिला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत. तिच्यातच पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट असे बदल होत गेले. १९६४ मध्ये मागच्या मडगार्डांवर लहान पंख असलेली फियाट ११०० डिलाइट आली. थोडा काळ तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट होतं आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नाव बदललं, अंगावरचे बिल्ले बदलले, जाळी बदलली, पण पत्र्याचं मूळ शरीर शतकाच्या अखेरीपर्यंत जवळपास तेच राहिलं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली.

शरीर इतकी वर्षं तेच राहिल्यामुळे सुटे भाग सहज मिळतात, पण त्यांची ओळख पटवणं अवघड होतं. १९६६च्या डिलाइटवर १९८८च्या पद्मिनीचं हँडल बसतं, मडगार्डवरची पट्टी बसते, दिव्याची रिंग बसते. टॅक्सीवाल्यांच्या गॅरेजमध्ये तीन-साडेतीन दशकं हीच अदलाबदल चालली. त्यामुळे पोत्यातल्या प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारावे लागतात. ही कुठे बसते? आणि ही याच गाडीची, याच काळातली आहे का? पहिल्याचं उत्तर मिळालं की लोक थांबतात. खरं काम दुसऱ्या प्रश्नात आहे.

त्यासाठी एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच पाळायची: ओळख पटेपर्यंत काहीही धुवायचं नाही, घासायचं नाही, बफिंगला द्यायचं नाही. पोतं उघडल्यावर हात शिवशिवतात, काळवंडलेलं क्रोम चमकवून बघावंसं वाटतं. पण भागाची ओळख त्याच्या मळातच असते. मागच्या बाजूला उडालेले रंगाचे शिंतोडे, स्क्रूच्या डोक्याखाली राहिलेलं गोल वर्तुळ, एका कडेला चिकटलेला रबराचा तुकडा, उन्हानं अर्धाच फिका पडलेला पृष्ठभाग यांतून तो भाग कुठे आणि कसा बसला होता ते कळतं. निकलवाल्याच्या आम्लाच्या टाकीतून बाहेर आल्यावर यातलं काही उरत नाही. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या गाड्यांची ओळख गंजानं जितकी पुसली, तितकीच घाईघाईनं केलेल्या पॉलिशनंही पुसली.

तर प्रथम मोकळी जमीन, पांढरी चादर आणि चांगला उजेड. प्रत्येक वस्तूचा पुढून आणि मागून फोटो, शेजारी मोजपट्टी. मग एका पिशवीत एक वस्तू आणि तिच्यावर क्रमांक. त्यानंतर धातूप्रमाणे वेगळं करायला घ्यायचं.

क्रोमखालचा धातू कोणता, हे गंजाच्या रंगावरून कळतं. तांबूस, पापुद्रे सुटणारा गंज असेल तर आत लोखंडी पत्रा, आणि त्याला लोहचुंबक चिकटेल. हिरवट डाग असतील तर पितळ. पांढरी भुकटी आणि क्रोमवर आलेले बारीक फोड असतील तर जस्ताचं ओतीव, ज्याला आपल्याकडचे कारागीर 'मझाक' म्हणतात. या मिश्रधातूत सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असतं. दारांची हँडलं, अक्षरांचे बिल्ले, दिव्यांचे साचे, डॅशबोर्डवरच्या जाड कडा याच धातूच्या असत, कारण साच्यात ओतून हवा तो बारीक आकार मिळतो. चुंबक चिकटत नाही, गंज कुठलाच नाही आणि वजन अगदी हलकं, तर ॲल्युमिनियम. चुंबक अगदी किंचित ओढला जातो किंवा जातच नाही, आणि घासल्याशिवायही चमक टिकून आहे, तर स्टेनलेस स्टीलची पट्टी.

ही वर्गवारी पुढे पैसे वाचवते. क्रोमचा थर स्वतः फार पातळ असतो, मायक्रॉनच्या अंशात मोजण्याइतका. चकाकी येते ती त्याच्याखालच्या निकलमुळे, आणि त्याखाली बहुधा तांबं. पितळेचा भाग जुना थर काढून पुन्हा निकल-क्रोम करता येतो. मझाकचं तसं नाही. फोड आलेल्या ठिकाणी जस्त आतून खाल्लं गेलेलं असतं, जुना थर काढायच्या आम्लात तो भाग आणखी विरघळतो. हा धातू ४०० अंश सेल्सियसच्या आतच वितळतो, म्हणून त्याच्यावर गॅसची ज्योत कधीही धरू नये. महायुद्धापूर्वीच्या गाड्यांचे ओतीव भाग तर कधी कधी फुगलेले, भेगाळलेले मिळतात. त्या काळच्या जस्तात शिसं वगैरेची भेसळ राहायची आणि धातू वर्षानुवर्षं आतल्या आत फुटत जायचा. असा भाग आपल्या जागी बसत नाही, आणि बसत नाही म्हणून लोक तो दुसऱ्या गाडीचा समजतात. तो त्याच गाडीचा असू शकतो, फक्त वाढलेला आहे.

मागच्या बाजूचा रंग हा यानंतरचा साक्षीदार. गाडी जागेवरच्या पट्ट्यांसकट रंगवलेली असेल तर पट्टीच्या कडेला त्या रंगाची रेघ सापडते. तिच्याखाली दुसऱ्या रंगाची, त्याखाली तिसऱ्या. या थरांचा क्रम गाडीच्या पत्र्यावरच्या थरांशी जुळला तर ती पट्टी त्या गाडीवर बराच काळ होती असं खात्रीनं म्हणता येतं. छताच्या कडेच्या पन्हळीवर बसणाऱ्या पट्टीच्या आत पिवळा रंग निघाला आणि गाडी मूळची खासगी, फिकट निळी असेल, तर ती पट्टी कुठल्यातरी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या छतावरून आली आहे. ती वाईट नाही, वापरता येईल, पण वहीत तशी नोंद करून ठेवावी. पत्र्याकडूनही साक्ष मिळते. डिकीच्या झाकणावर बुजवलेली भोकं आतून बोट फिरवलं की लागतात. त्यांच्यातली अंतरं मोजली आणि बिल्ल्यामागच्या खुंट्यांची अंतरं मोजली की या झाकणावर आधी कोणतं नाव होतं ते कळतं. एकाच झाकणावर भोकांच्या दोन जोड्या सापडल्या तर गाडीला मधल्या काळात नवं नाव लावलेलं आहे, किंवा झाकणच दुसऱ्या गाडीचं आहे.

मग आटे. स्क्रू आणि बोल्ट लोक भंगारात टाकतात आणि बाजारातून नवे आणतात, हे मला फार खटकतं. कोणत्या देशाच्या गाडीचा भाग आहे, हे बोल्ट सांगतो. फियाटचे आटे मेट्रिक. मॉरिसच्या घराण्यातली ॲम्बेसेडर आणि मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड यांचे आटे इंची. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात आणि तिथेच घोटाळा होतो. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टाच्या अगदी जवळचा. पण त्याच्या बारीक जातीत एका इंचात २४ आटे, तर मेट्रिकमध्ये दर १.२५ मिलिमीटरला एक. पहिले दोन-तीन फेरे बोल्ट आत जातो, मग अडतो, आणि पान्ह्यानं जोर लावला की नटाचे आटे कायमचे जातात. ब्रिटिश मीटरांच्या आणि स्विचांच्या मागचे बारीक स्क्रू 'बी.ए.' नावाच्या आणखी वेगळ्या मापाचे. त्यातला २ बी.ए. ४.७ मिलिमीटरचा असल्यामुळे ५ मिलिमीटरच्या नटात सैलसर फिरतो आणि बसला असं वाटतं. शून्य बी.ए. तर बरोबर ६ मिलिमीटर आणि १ मिलिमीटर अंतराचा, म्हणजे मेट्रिक ६ सारखाच, फक्त आट्याचा कोन ६० अंशांऐवजी साडेसत्तेचाळीस. व्हर्नियर आणि पिच गेज ही दोन साधी साधनं हाती असली की फियाटच्या पोत्यात ॲम्बेसेडरचे भाग मिसळलेत का, हे एका दुपारी कळतं.

आता मीटर. सुट्या मीटरची तबकडी बहुतेकदा वाचता येते, पण अक्षरं उडालेली असतील किंवा नुसती आतली यंत्रणा हाती आली असेल, तर मागची बाजू बघायची. मागून तांब्याची केसासारखी बारीक नळी निघून तिच्या टोकाला पितळेचा फुगीर दांडा असेल, तर ते पाण्याच्या तापमानाचं जुन्या पद्धतीचं मीटर. त्या बंद नळीत सहज वाफ होणारा द्रव भरलेला असतो. गरम झालं की दाब वाढतो आणि काटा सरकतो. ही नळी तुटली किंवा कुणी 'वायर' समजून कापली तर मीटर मेलं, ते पुन्हा भरून आणणारा कारागीर शोधावा लागतो. मागे आट्यांची पितळी नळी जोडायची जागा असेल तर ऑइलचा दाब. दोन जाडजूड टर्मिनलं आणि तबकडीवर मध्यभागी शून्य असेल तर अँपमीटर. गाडीचा बहुतेक सगळा करंट त्यातून वाहतो आणि त्याचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो. 'चालतं का बघू' म्हणून ते थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावलं तर क्षणात जळतं. दोन बारीक टर्मिनलांचं मीटर पेट्रोलचं किंवा विजेवर चालणाऱ्या तापमानाचं. त्यालाही थेट १२ व्होल्ट देण्याची घाई करू नये. १९६०च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश मीटरांना एका लहानशा डबीतून सरासरी १० व्होल्टचा पुरवठा व्हायचा. ती दोन-तीन पाती बाहेर आलेली पत्र्याची डबी म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर, आणि तीही पोत्यात अनोळखी म्हणून पडलेली असते.

स्पीडोमीटर काळही सांगतो. नुसता मैलांचा आकडा असेल तर गाडी परदेशातून आलेली किंवा आपल्याकडे मेट्रिक पद्धत रुळण्याआधीची. १९५६च्या कायद्यानंतर, १९५८ पासून ती पद्धत टप्प्याटप्प्यानं लागू झाली. ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. केबल एका मैलात, किंवा किलोमीटरवाल्या तबकडीवर एका किलोमीटरमध्ये, किती फेरे घेते तो हा आकडा. गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शिअल आणि टायरचं माप यांच्याशी तो जुळायला हवा. भोकात घट्ट बसलेलं, देखणं, चालू मीटरही चुकीच्या आकड्याचं असेल तर वेग खोटा दाखवेल.

विजेच्या भागांवर आणखी एक सोय आहे. लुकासच्या स्विचांवर, डिस्ट्रिब्युटरवर, डायनॅमोवर भागाच्या क्रमांकाबरोबर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. चेन्नईजवळची लुकास-टीव्हीएस १९६१ मध्ये सुरू झाली. त्यामुळे एखाद्या भागावर नुसतं 'लुकास, इंग्लंड' आहे की 'लुकास-टीव्हीएस' आहे, यावरूनही तो आधीचा की नंतरचा याचा अंदाज येतो. हेराल्ड किंवा जुनी ॲम्बेसेडर असेल तर वायरींच्या रंगांवरून हरवलेल्या स्विचची जागा शोधता येते. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी म्हणजे तीच पण फ्यूजमधून आलेली, जांभळी म्हणजे फ्यूजमधून येणारी आणि कायम जिवंत, निळी हेडलाइटची, लाल पार्किंग दिव्यांची, काळी अर्थिंग. हिरवीवर लाल रेघ डाव्या इंडिकेटरची, पांढरी रेघ उजव्या. फियाटच्या वायरिंगला हा नियम लावू नये, इटलीची पद्धत वेगळी. आणि कुठल्याही गाडीत मधल्या एखाद्या वायरमननं हाताशी होती ती वायर ओढलेली असू शकते. म्हणून रंगावरून अंदाज बांधायचा आणि मल्टिमीटरनं पक्का करायचा.

नॉब एकाच घाटाचे असतात, तेव्हा त्यांच्या शेपट्या पाहाव्यात. मागे वेटोळ्यांच्या आवरणातून सरकणारी बारीक तार असेल तर चोक किंवा हाताचा थ्रॉटल. चोकचा नॉब बहुधा ओढून थोडा फिरवला की अडकून राहतो. जाड, ताठ तार बॉनेटच्या कुलुपाची. दांडी आणि टर्मिनलं असतील तर दिव्याचा किंवा वायपरचा स्विच. केबलची लांबी डॅशबोर्डच्या भोकापासून कार्बोरेटरपर्यंत धरून बघितली की उत्तर मिळतं. अनेक ब्रिटिश गाड्यांच्या नॉबवर इंग्रजी आद्याक्षर कोरलेलं असतं, मग प्रश्नच नाही.

डॅशबोर्डच्या पोत्यात सगळ्यांना अडवणारी एक वस्तू असते. आयताकृती, क्रोमची किंवा रंगवलेली, बिनभोकांची, मागे दोन चिमटे. हे झाकण. आपल्याकडे बहुतेक गाड्या रेडिओ आणि हीटरशिवाय विकल्या जात, पण पत्र्यात त्यांची जागा कापलेली असे, आणि ती बंद करायला कारखाना हे झाकण द्यायचा. पुढे मालकानं रेडिओ बसवला की झाकण निघालं. आज डिलाइटसाठी चालू स्थितीतला जुना रेडिओ शोधत फिरणारे खूप भेटतात. गाडी कारखान्यातून निघाली तशी ठेवायची असेल तर पोत्यातलं ते साधं झाकणच योग्य, असं मला वाटतं.

बाहेरच्या लांब पट्ट्या, ज्यांना गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात, त्यांच्यात डावं-उजवं ओळखणं हाच मोठा प्रश्न. चार दारांच्या गाडीत एका बाजूला साधारण चार तुकडे: पुढचं मडगार्ड, दोन दारं, मागचं मडगार्ड. दारांच्या तुकड्यांची टोकं दाराच्या फटीशी सरळ कापलेली असतात. मडगार्डांच्या तुकड्यांचं बाहेरचं टोक निमुळतं किंवा तिरकं. तुकडा अंगरेषेवर धरून आतल्या क्लिपा पत्र्यावरच्या भोकांवर येतात का ते पाहायचं. उलट्या बाजूला धरला तर एखादं भोक नेमकं चुकतं. मूळ इटालियन भागांवर बारीक अक्षरांत 'डीएक्स' किंवा 'एसएक्स' ठोकलेलं आढळतं. यातलं पहिलं उजव्या बाजूचं आणि दुसरं डाव्या. क्लिपा वाकलेल्या असल्या तरी जपाव्यात, कारण नवी क्लिप बनवायला नमुना म्हणून तीच लागते. दारांच्या आतल्या हँडलांमागची वाटी, स्प्रिंग आणि आडवी पिन एकत्र बांधून ठेवावी. रेक्झिन फाटलेलं जुनं पॅनेलही कुशनवाल्याला नवं कापून होईपर्यंत फेकू नये, भोकांच्या जागा त्याच्यावरच आहेत.

पार्ट्स कॅटलॉग मिळाला तर काम निम्मं होतं. त्यात भाग उलगडून, एकामागे एक ठेवलेले दाखवतात, म्हणजे कोणता वायसर आधी आणि कोणता नंतर हेही कळतं. मात्र इटलीतल्या कॅटलॉगमधलं स्टिअरिंग डावीकडे असतं. दारं, काचा, बाहेरच्या पट्ट्या जशाच्या तशा ताडाव्यात. डॅशबोर्डचं चित्र मात्र आरशात पाहावं तसं उलटवून वाचावं, आणि तेही सावधपणे, कारण मीटरची तबकडी उलटत नाही. कॅटलॉग नसेल तर तशीच, कधीही न उघडलेली गाडी शोधावी. तिच्या डॅशबोर्डखाली झोपून काढलेले दहा फोटो बाजारातल्या पन्नास सल्ल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे, ऑपेरा हाउसजवळचे आणि चोर बाजारातले जुने दुकानदार हातात घेताच भाग ओळखतात. त्यांच्याकडे 'हे कुठलं?' असं विचारत जावं. 'अमक्या गाडीचं आहे ना?' असं विचारलं की समोरचा बहुधा हो म्हणतो.

या सगळ्याला आता कायद्याचंही कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. १९६४ नंतरच्या सुरुवातीच्या डिलाइट आता या वयात आल्या आहेत. आणि मूळ रूप म्हटलं की दार उघडल्यावर सर्वांत आधी दिसतो तो डॅशबोर्डच.

ओळख पटलेला प्रत्येक भाग रंगाआधी, उघड्या पत्र्यावर एकदा लावून बघायचा. यात आळस करू नये. डेंटरनं पुट्टी भरताना जुनी भोकं बुजवली असतील तर ती आता शोधणं सोपं, रंगानंतर ड्रिल चालवणं महागात पडतं. मीटरांची चौकट, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, ॲशट्रे, सगळ्या पट्ट्या, काचेभोवतीचं रबर, सगळं क्लिपांसकट बसवून, दारं उघडून-मिटवून पाहायचं. मग परत काढून, पिशवीवर जागा लिहून, मगच धातूप्रमाणे निकलवाल्याकडे, बफिंगला किंवा रंगाला. निकलवाल्याकडे देताना यादी, फोटो आणि नगांची संख्या त्याच्या सहीनं घ्यावी. बारीक बिल्ले टाकीच्या तळाशी राहून जातात.

एवढं करूनही पोत्यात चार-सहा वस्तू उरतात, ज्यांना या गाडीवर कुठेच भोक सापडत नाही. त्यांच्या पिशवीवर धातू, लांबी-रुंदी, भोकांमधलं अंतर, आट्यांचं माप, मागचा रंग आणि ठोकलेला क्रमांक लिहावा आणि पिशवी गाडीबरोबरच ठेवावी. कुणाच्या तरी सिलेक्टचा किंवा हेराल्डचा डॅशबोर्ड त्याच वस्तूवाचून अडलेला असू शकतो. जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जाताना ती पिशवी बरोबर न्यावी.